मेथड ओव्हरलोडिंग आणि पॉलिमॉर्फिझम: निर्णय कोण घेतो, केव्हा आणि कशाच्या आधारावर

प्रश्न असा आहे की, मेथड ओव्हरलोडिंगला पॉलिमॉर्फिझम म्हणायचे की नाही. एकाच नावाच्या, पण वेगवेगळे पॅरामीटर घेणाऱ्या अनेक मेथडी लिहिणे म्हणजे ओव्हरलोडिंग; मूळ क्लासची मेथड उपक्लासमध्ये त्याच पॅरामीटरसह नव्याने लिहिणे म्हणजे ओव्हरराइडिंग; आणि पॉलिमॉर्फिझम म्हणजे बहुरूपता, एकाच नावाने किंवा एकाच कोडने अनेक प्रकार हाताळणे. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत आणि मुलाखतीच्या तयारीच्या टिपणांत ‘ओव्हरलोडिंग म्हणजे कंपाइल टाइम पॉलिमॉर्फिझम, ओव्हरराइडिंग म्हणजे रनटाइम पॉलिमॉर्फिझम’ हे वाक्य ठरलेले असते. उलट बाजूने अनेक जाणकार प्रोग्रामर ओव्हरलोडिंगचा पॉलिमॉर्फिझमशी काडीचाही संबंध नाही, असे ठामपणे सांगतात. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असल्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ मात्र वाढतच जातो.

माझे मत थोडक्यात असे की, ओव्हरलोडिंगमध्ये बहुरूपी असते ते मेथडचे नाव, तर ओव्हरराइडिंगमध्ये बहुरूपी असते ते व्हेरिएबलच्या मागे उभे असलेले ऑब्जेक्ट. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये कोणी विशेषण न लावता ‘पॉलिमॉर्फिझम’ म्हणाले, तर त्याला दुसरी गोष्ट अभिप्रेत असते आणि ती ओव्हरलोडिंगमधून मिळत नाही. पण केवळ नाव कशाला काय द्यायचे एवढ्यावर हा वाद थांबला असता, तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. मेथडची कोणती प्रत चालणार हे कोण ठरवते, केव्हा ठरवते आणि ठरवताना त्याच्या हाती कोणती माहिती असते, हे न कळल्यामुळे प्रत्यक्ष कोडमध्ये शोधून न सापडणाऱ्या चुका होतात. म्हणून उत्तराचा बहुतेक भाग मी त्याच प्रश्नाला देणार आहे.

आधी वर्गीकरणाबद्दल. त्याचे मूळ ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये नाही. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९६७ मध्ये कोपनहेगन येथे प्रोग्रामिंग भाषांच्या मूलभूत संकल्पनांवर व्याख्याने दिली आणि त्यांत पॉलिमॉर्फिझमचे दोन प्रकार वेगळे केले. बेरजेचे चिन्ह पूर्णांकांनाही चालते आणि दशांश संख्यांनाही चालते, परंतु या दोन बेरजा करण्याची यंत्राची रीत वेगवेगळी असते. प्रत्येक प्रकारासाठी अशी स्वतंत्र तरतूद करावी लागते, तेव्हा त्याला त्यांनी ॲड हॉक पॉलिमॉर्फिझम म्हटले. याउलट, यादीतील प्रत्येक घटकावर एखादे फंक्शन लावून नवी यादी देणारे ‘मॅप’सारखे फंक्शन घेतले, तर त्याचा एकच कोड कोणत्याही प्रकारच्या यादीला जसाच्या तसा चालतो; हे पॅरामेट्रिक पॉलिमॉर्फिझम. पुढे १९८५ मध्ये लुका कार्डेली आणि पीटर वेग्नर यांनी ही मांडणी विस्तारली. त्यांच्या आराखड्यात एका बाजूला सार्वत्रिक पॉलिमॉर्फिझम येते, ज्यात पॅरामेट्रिक आणि सबटाइपवर (मूळ प्रकाराच्या जागी चालणाऱ्या उपप्रकारावर) आधारलेले असे दोन प्रकार आहेत, आणि दुसऱ्या बाजूला ॲड हॉक पॉलिमॉर्फिझम येते, ज्यात ओव्हरलोडिंग आणि आपोआप होणारे प्रकारांतर हे दोन प्रकार आहेत. सार्वत्रिक बाजूचा कोड अमर्याद प्रकारांवर चालू शकतो, अगदी अद्याप न लिहिलेल्या क्लासवरसुद्धा. ॲड हॉक बाजूचा कोड मात्र आधीच मोजून ठेवलेल्या, मर्यादित प्रकारांवरच चालतो. पाठ्यपुस्तकातील वाक्याला आधार आहे तो या आराखड्याचा, त्यामुळे ते खोटे नाही. फक्त त्यात दोन वेगळ्या झाडांची फळे एकाच टोपलीत ठेवली आहेत आणि त्याचा उल्लेख गाळला आहे.

ही दोन झाडे खरोखरच वेगळी आहेत, याचा सर्वांत सोपा पुरावा भाषांच्या इतिहासातच मिळतो. १९८३ च्या ॲडा भाषेत ओव्हरलोडिंग भरपूर होते, अगदी परतीच्या प्रकारावरूनही करता येत असे. पण ऑब्जेक्टकडे पाहून कोड निवडण्याची सोय त्या भाषेत आली ती १९९५ च्या आवृत्तीत. स्मॉलटॉकमध्ये पॉलिमॉर्फिझम हा भाषेचा कणा आहे, तरी तिथे पॅरामीटरच्या प्रकारावरून ओव्हरलोडिंग अजिबात नाही. म्हणजे दोहोंपैकी कोणतीही एक गोष्ट दुसरीशिवाय सुखाने नांदू शकते. जावातही स्टॅटिक मेथड (ऑब्जेक्टशिवाय थेट क्लासवर चालणाऱ्या) आणि कन्स्ट्रक्टर (नवे ऑब्जेक्ट तयार करणारे) ओव्हरलोड करता येतात, ओव्हरराइड करता येत नाहीत. ओव्हरलोडिंगला ना इनहेरिटन्स लागतो, ना ऑब्जेक्ट लागते.

आता एक उदाहरण जवळून पाहू. जावामध्ये क्लास, मेथड आणि व्हेरिएबल यांची नावे देवनागरीतही देता येतात (राखीव शब्द तेवढे मूळ लिपीतच लागतात), त्यामुळे नावे मराठीच ठेवतो. ‘खाते’ नावाचा एक क्लास आहे आणि त्याला इनहेरिट करणारा ‘मुदतठेव’ हा दुसरा क्लास आहे. दोन्हींमध्ये ‘व्याज’ ही मेथड आहे आणि ‘मुदतठेव’ने ती ओव्हरराइड केली आहे. शिवाय ‘अहवाल’ नावाच्या तिसऱ्या क्लासमध्ये ‘छाप’ या नावाच्या दोन मेथड आहेत. एक ‘खाते’ प्रकारचा पॅरामीटर घेते आणि दुसरी ‘मुदतठेव’ प्रकारचा. आता या तीन ओळी पाहा:

खाते ख = new मुदतठेव();
ख.व्याज();
अहवाल.छाप(ख);

दुसऱ्या ओळीत ‘मुदतठेव’ची व्याज मेथड चालते. तिसऱ्या ओळीत मात्र ‘खाते’ घेणारी छाप मेथड चालते. ऑब्जेक्ट तेच, व्हेरिएबल तेच, दोन ओळींमध्ये काहीही बदललेले नाही, तरी एका ओळीत प्रोग्रामने ऑब्जेक्टचा खरा क्लास ओळखला आणि दुसऱ्या ओळीत ओळखला नाही. ज्यांच्या मनात ‘ओव्हरलोडिंग हेही पॉलिमॉर्फिझमच’ हे वाक्य पक्के बसलेले असते, त्यांना इथे मुदत ठेवीचा अहवाल छापला जाईल असे वाटते.

असे का घडते, ते बाइटकोडमध्ये, म्हणजे कंपायलर क्लास फाइलमध्ये लिहितो त्या सूचनांमध्ये, स्वच्छ दिसते. कंपायलर तिसऱ्या ओळीवर येतो तेव्हा ‘ख’ या व्हेरिएबलचा जाहीर केलेला प्रकार ‘खाते’ आहे, एवढेच त्याला माहीत असते. त्या माहितीवर तो दोन मेथडींपैकी एक निवडतो आणि क्लास फाइलमध्ये केवळ ‘छाप’ हे नाव न लिहिता नाव, पॅरामीटरचे प्रकार आणि परतीचा प्रकार असा पूर्ण पत्ता लिहून ठेवतो. या पत्त्यातील प्रकारांच्या भागाला जावाच्या परिभाषेत डिस्क्रिप्टर म्हणतात. प्रोग्राम चालू झाल्यावर जावाचे व्हर्च्युअल मशीन हा पत्ता वाचते आणि त्याच पत्त्याची मेथड शोधते. दुसरी ‘छाप’ मशीनच्या दृष्टीने एक संपूर्ण निराळी मेथड असते. नाव सारखे आहे हा मशीनसाठी निव्वळ योगायोग. ‘ख.व्याज()’ या ओळीसाठीही असाच पूर्ण पत्ता लिहिला जातो, पण तिथे व्हर्च्युअल मशीन ज्या ऑब्जेक्टवर मेथड कॉल केली त्याचा खरा क्लास पाहते आणि त्या पत्त्याच्या मेथडची त्या क्लासमधील प्रत चालवते. जेडीके या जावाच्या साधनसंचासोबत येणाऱ्या ‘जावापी’ या साधनाने क्लास फाइल उघडून हे दोन्ही पत्ते डोळ्यांनी पाहता येतात. विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना व्याख्येच्या आधी ते दाखवावे, असे माझे मत आहे.

त्यामुळे जावातील साध्या मेथड कॉलमध्ये प्रत्यक्षात दोन निर्णय होतात. पहिला कंपायलरचा: या नावाच्या मेथडींपैकी कोणता डिस्क्रिप्टर? दुसरा व्हर्च्युअल मशीनचा: या डिस्क्रिप्टरची कोणत्या क्लासमधील प्रत? पहिल्याला सगळ्या पॅरामीटरचे जाहीर प्रकार दिसतात, पण एकाही ऑब्जेक्टचा खरा क्लास दिसत नाही. दुसऱ्याला फक्त एकाच ऑब्जेक्टचा खरा क्लास दिसतो, ज्याच्यावर मेथड कॉल केली त्याचा. आणि दुसऱ्या निर्णयाला पहिला निर्णय फिरवण्याचा अधिकार नसतो.

या शेवटच्या वाक्याचा सर्वांत जास्त फटका बसतो तो दोन ऑब्जेक्ट समान आहेत का हे सांगणाऱ्या ‘इक्वल्स’ मेथडला. समजा ‘खातेक्रमांक’ या क्लासमध्ये कोणी ‘खातेक्रमांक’ प्रकारचाच पॅरामीटर घेणारी इक्वल्स मेथड लिहिली. वाचायला ती अगदी बरोबर वाटते, कारण खातेक्रमांकाची तुलना खातेक्रमांकाशीच व्हायला हवी. परंतु सर्व क्लासचा मूळ क्लास ‘ऑब्जेक्ट’ यातील इक्वल्स ही ‘ऑब्जेक्ट’ प्रकारचा पॅरामीटर घेते. त्यामुळे नव्या मेथडने तिला ओव्हरराइड केलेले नसून तिच्या शेजारी आणखी एक ओव्हरलोड उभा केला आहे. दोन व्हेरिएबल ‘खातेक्रमांक’ प्रकारची जाहीर करून थेट तुलना केली, तर उत्तर बरोबर येते. त्यांपैकी एक ऑब्जेक्ट हॅशसेटमध्ये (समान घटक एकदाच ठेवणाऱ्या संचात) टाकून दुसरे देऊन ‘हा क्रमांक आहे का’ असे विचारले, तर हॅशकोड (संचात घटक शोधायला लागणारा आकडा) नीट लिहिलेला असूनही उत्तर ‘नाही’ असे येते. हॅशसेटचा कोड जेव्हा कंपाइल झाला, तेव्हा ‘खातेक्रमांक’ हा क्लास अस्तित्वातच नव्हता. त्यात ‘ऑब्जेक्ट’ घेणाऱ्या इक्वल्सचा पत्ता कायमचा लिहिलेला आहे, आणि त्या पत्त्यावर अजूनही मूळ क्लासची, केवळ दोन्ही संदर्भ एकाच ऑब्जेक्टचे आहेत का हे तपासणारी मेथड बसलेली आहे. २००४ मध्ये जावा ५ सोबत ‘ओव्हरराइड’ हे ॲनोटेशन (मेथडवर लावायची खूण) आले ते नेमक्या अशा प्रसंगांसाठी. ते लिहिले असते तर कंपायलरने ही मेथड कशालाच ओव्हरराइड करत नाही, असे सांगून काम तिथेच थांबवले असते. ते ऐच्छिक आहे म्हणून न लिहिणारे लोक आजही भेटतात. माझ्या हाताखालच्या कोडमध्ये मी ते सक्तीचे ठेवतो.

ओव्हरलोडिंग आणि ओव्हरराइडिंग यांतला फरक समजून घेण्यासाठी मी एक कसोटी वापरतो. प्रोग्राममधील सर्व ओव्हरलोड केलेल्या मेथडींना वेगवेगळी नावे देऊन पाहावीत. ‘छाप’च्या जागी ‘खातेछाप’ आणि ‘ठेवछाप’ असे केले आणि प्रत्येक कॉलच्या ठिकाणी कंपायलर जी निवडतो तिचे नाव लिहिले, तर प्रोग्रामच्या वागण्यात तसूभरही फरक पडत नाही. सी-प्लस-प्लसचे कंपायलर तर हे काम स्वतःच करतात. लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामला) देण्यापूर्वी ते फंक्शनच्या नावात पॅरामीटरचे प्रकार गुंफून प्रत्येक ओव्हरलोडला वेगळे नाव देतात, ज्याला नेम मँगलिंग म्हणतात. आता हाच प्रयोग ओव्हरराइडिंगवर करून पाहा. ‘खाते’मध्ये ‘खातेव्याज’ आणि ‘मुदतठेव’मध्ये ‘ठेवव्याज’ अशी नावे दिली, की ‘ख.व्याज()’ या ओळीच्या जागी काय लिहायचे हेच सांगता येत नाही. प्रत्येक ठिकाणी क्लास तपासणाऱ्या इफ-एल्सच्या माळा लावाव्या लागतात, आणि उद्या ‘आवर्तीठेव’ हा नवा क्लास आला की त्या सगळ्या माळा शोधून पुन्हा दुरुस्त कराव्या लागतात. ज्या सोयीसाठी ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग वापरायचे, ती सोयच निघून जाते. ओव्हरलोडिंग काढून टाकले तर वाचण्यातील सुटसुटीतपणा जातो. ओव्हरराइडिंग काढून टाकले तर रचना कोसळते.

या कसोटीला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि ओव्हरलोडिंगला पॉलिमॉर्फिझम म्हणणाऱ्यांनी खरे तर तोच पुढे करायला हवा. सी-प्लस-प्लसच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे प्रकार मोकळा ठेवून लिहिलेल्या साच्यात, कोणत्याही प्रकारच्या घटकांची बेरीज करणारे एक फंक्शन लिहिले आणि त्यात बेरजेचे चिन्ह वापरले, तर ते टेम्प्लेट ज्या-ज्या प्रकारासाठी वापरले जाईल त्या-त्या वेळी कंपायलर त्या प्रकाराचे बेरजेचे ओव्हरलोड निवडतो. पूर्णांकांसाठी एक, दशांश संख्यांसाठी दुसरे, आणि उद्या कोणी मॅट्रिक्सचा क्लास लिहून त्याची बेरीज ठरवून दिली तर टेम्प्लेटला हात न लावता तिसरे. इथे ओव्हरलोडना वेगवेगळी नावे देता येत नाहीत, कारण टेम्प्लेटच्या कोडला एकच नाव हवे आहे. इथे ओव्हरलोडिंग खऱ्याखुऱ्या पॉलिमॉर्फिझमचे काम करते आणि तेही कंपाइल होतानाच, म्हणून ‘कंपाइल टाइम पॉलिमॉर्फिझम’ हा शब्द सी-प्लस-प्लसमध्ये अर्थपूर्ण आहे. आपल्याकडच्या पुस्तकांतील वाक्य बहुधा सी-प्लस-प्लस शिकवण्याच्या काळातून जावाच्या प्रकरणात जसेच्या तसे उतरले असावे, असा माझा अंदाज आहे. कारण जावाच्या जेनेरिक्समध्ये, म्हणजे प्रकार मोकळा ठेवण्याच्या जावातील सोयीत, हे घडत नाही. जेनेरिक मेथडचा कोड एकदाच कंपाइल होतो; त्यातील ‘टी’ या प्रकाराबद्दल कंपायलरला फार तर त्याची वरची मर्यादा माहीत असते. त्यामुळे आत केलेल्या ‘छाप(टी)’ या कॉलसाठी ओव्हरलोडची निवड एकदाच होते आणि ती सर्व प्रकारांना लागू होते.

हॅस्केल भाषेने हाच प्रश्न आणखी शिस्तीने सोडवला. फिलिप वॅडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ मध्ये टाइप क्लासची कल्पना मांडली ती ॲड हॉक पॉलिमॉर्फिझमला शिस्त लावण्याच्या घोषित उद्देशाने. तिथे ओव्हरलोड केलेले नाव कोणत्या अटींवर आणि कोणत्या प्रकारांना लागू आहे, हे आधी जाहीर करावे लागते. परंतु ते ऑब्जेक्ट ओरिएंटेड जग नव्हे, म्हणून इथेच थांबतो.

जावाकडे परत येऊ, कारण कंपायलरचा तो पहिला निर्णय दिसतो तितका सरळ नसतो. जावाची भाषासंहिता ओव्हरलोड निवडण्यासाठी तीन पायऱ्या ठरवून देते. पहिल्या पायरीवर कंपायलर बॉक्सिंग न करता, म्हणजे इंटचे (साध्या पूर्णांकाचे) इंटिजर (तोच पूर्णांक ऑब्जेक्टच्या रूपात) किंवा इंटिजरचे इंट न करता, जुळणाऱ्या मेथडी शोधतो. लहान संख्याप्रकाराचा मोठ्या संख्याप्रकारात विस्तार आणि सबटाइपचा वापर मात्र इथे चालतो. एकही मेथड सापडली नाही, तरच तो दुसऱ्या पायरीवर येऊन बॉक्सिंगला परवानगी देतो. तिथेही काही सापडले नाही, तर तिसऱ्या पायरीवर कितीही पॅरामीटर घेणाऱ्या व्हेरिएबल आर्ग्युमेंटच्या मेथडींचा विचार होतो. एखाद्या पायरीवर एकापेक्षा अधिक मेथडी जुळल्या, तर त्यांतील सर्वांत नेमकी, म्हणजे जिचे पॅरामीटर इतरांच्या पॅरामीटरमध्ये सामावतात, अशी मेथड निवडली जाते आणि तशी एक ठरवता आली नाही, तर कंपायलर संदिग्धतेची एरर देतो. पायऱ्यांचा हा क्रम जुना कोड जपण्यासाठी आहे. ऑटोबॉक्सिंग, म्हणजे हे रूपांतर आपोआप होणे, जावा ५ मध्ये आले. त्याआधी लिहिलेल्या कोडचा अर्थ नव्या कंपायलरने गुपचूप बदलू नये, म्हणून जुने नियम आधी आणि नवे नंतर लावले जातात. त्यामुळेच ‘लाँग’ घेणारी आणि ‘इंटिजर’ घेणारी अशा दोन मेथडी असताना इंट दिला, तर बहुतेकांच्या अपेक्षेविरुद्ध ‘लाँग’ची मेथड चालते.

याच नियमातून निघणारा एक नमुना मराठी अक्षरे हाताळणाऱ्याला सहज भेटू शकतो. स्ट्रिंगबिल्डर या स्ट्रिंग टप्प्याटप्प्याने जोडत नेणाऱ्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरला एकेरी अवतरणातले ‘म’ हे अक्षर दिले, तर ‘म’ने सुरू होणारी स्ट्रिंग मिळेल असे वाटते. पण अक्षर घेणारा कन्स्ट्रक्टर त्या क्लासमध्ये नाही. सुरुवातीची क्षमता सांगणारा, इंट घेणारा कन्स्ट्रक्टर आहे. अक्षराचा इंटमध्ये विस्तार पहिल्याच पायरीवर चालतो. ‘म’चा युनिकोड क्रमांक २३५० आहे, म्हणून हातात पडते ती २३५० अक्षरांची जागा राखून ठेवलेली, पूर्ण रिकामी स्ट्रिंग. ना एरर, ना सूचना.

यापेक्षाही बोलके उदाहरण म्हणजे लिस्टमधील ‘रिमूव्ह’ ही मेथड. लिस्टमध्ये तिची दोन रूपे आहेत: इंट दिला तर त्या स्थानावरचा घटक काढणारे आणि ऑब्जेक्ट दिले तर त्याच्याशी समान असलेला घटक काढणारे. १०, २० आणि ३० हे तीन आकडे असलेली एक ॲरेलिस्ट घ्या आणि तिच्यावर रिमूव्ह(१) कॉल करा. व्हेरिएबलचा जाहीर प्रकार ‘लिस्ट’ असेल, तर पहिल्याच पायरीवर इंट घेणारे रूप जुळते आणि स्थान १ वरचा २० हा आकडा निघून जातो. आता बाकी सारे तसेच ठेवून फक्त व्हेरिएबलचा जाहीर प्रकार ‘कलेक्शन’ असा करा. कलेक्शन या इंटरफेसमध्ये इंट घेणारे रूप नाही, म्हणून कंपायलर दुसऱ्या पायरीवर जातो, १ ला इंटिजरमध्ये बॉक्स करतो आणि ‘१ या किमतीचा घटक काढ’ असा कॉल लिहितो. असा घटक नसल्यामुळे लिस्ट जशीच्या तशी राहते आणि उत्तर ‘फॉल्स’ येते. धावताना दोन्ही वेळा ऑब्जेक्ट त्याच ॲरेलिस्टचे आहे. सबटाइपवर आधारलेल्या पॉलिमॉर्फिझमचे मुख्य आश्वासन हेच असते की, व्हेरिएबल अधिक सामान्य प्रकाराचे केले तरी ऑब्जेक्टचे वागणे बदलू नये. इथे ओव्हरलोडिंगने त्या आश्वासनाला सुरुंग लावला आहे.

शून्य संदर्भ, म्हणजे नल, दिल्यावरचे वागणेही पाहण्यासारखे आहे. ओळ छापणाऱ्या ‘प्रिंटएलएन’ला थेट नल दिला तर कोड कंपाइलच होत नाही, कारण अक्षरांची ॲरे घेणारे आणि स्ट्रिंग घेणारे अशी दोन रूपे सारखीच जुळतात आणि त्यांपैकी एकही दुसऱ्यापेक्षा नेमके ठरत नाही. कोणत्याही किमतीची स्ट्रिंग करून देणाऱ्या, स्ट्रिंगच्या ‘व्हॅल्यूऑफ’ला नल दिला, तर कोड कंपाइल होतो, कारण तिथे ऑब्जेक्ट आणि अक्षरांची ॲरे अशी दोनच रूपे जुळतात आणि ॲरे अधिक नेमकी ठरते, मग चालवताना नलपॉइंटर एक्सेप्शन येते. ऑब्जेक्ट घेणाऱ्या रूपाने ‘नल’ हा शब्द देऊन वेळ निभावली असती.

कंपायलरचा निर्णय क्लास फाइलमध्ये किती घट्ट बसतो, हे अनेक प्रकल्पांना जावा ९ आल्यावर कळले. बाइटबफर या क्लासमधील ‘फ्लिप’ ही मेथड जावा ८ पर्यंत बफर या मूळ क्लासमधून मिळत असे आणि तिचा परतीचा प्रकार ‘बफर’ होता. जावा ९ मध्ये ती बाइटबफरमध्ये ओव्हरराइड करून परतीचा प्रकार ‘बाइटबफर’ केला गेला. जावा ९ च्या जेडीकेवर, पण जावा ८ हे लक्ष्य ठेवून कंपाइल केलेल्या कोडमध्ये नव्या परतीच्या प्रकाराचा डिस्क्रिप्टर लिहिला गेला. तो कोड जावा ८ वर चालवताच ‘अशी मेथड नाही’ अशी एरर येऊ लागली. जावा भाषेच्या दृष्टीने परतीचा प्रकार हा सिग्नेचरचा (मेथड ओळखण्याच्या खुणेचा) भाग नाही आणि केवळ त्यावरून ओव्हरलोडिंग करता येत नाही, पण व्हर्च्युअल मशीनच्या दृष्टीने तो पत्त्याचा भाग आहे. कंपायलरला ‘रिलीज’ हा पर्याय दिला की तो जुन्या आवृत्तीच्याच मेथडी समोर ठेवतो आणि ही अडचण दूर होते.

सी-प्लस-प्लसमध्ये यात आणखी एक मेख आहे. मूळ क्लासमध्ये इंट घेणारे आणि उपक्लासमध्ये डबल (दशांश संख्येचा प्रकार) घेणारे अशी एकाच नावाची फंक्शन असतील, तर उपक्लासचे नाव मूळ क्लासच्या नावाला झाकून टाकते. इंट दिला तरी डबलचे फंक्शन चालते. मूळ रूपे पुन्हा उघडण्यासाठी ‘यूझिंग’ची ओळ लिहावी लागते. जावात असे झाकले जात नाही, इनहेरिट झालेली रूपेही उमेदवारांत मोजली जातात. म्हणून दोन्ही भाषांत काम करणाऱ्याने एका भाषेची सवय दुसरीत नेऊ नये. पायथनमध्ये तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण एकाच नावाची दुसरी मेथड लिहिली की पहिली पुसली जाते.

मग ‘छाप(ख)’ या ओळीने ऑब्जेक्टचा खरा क्लास ओळखावा असे वाटत असेल, तर काय करावे? जावात त्यासाठी व्हिजिटर हा पॅटर्न वापरतात. ‘खाते’ आणि ‘मुदतठेव’ या दोन्हींमध्ये ‘स्वीकार’ ही मेथड लिहायची आणि तिच्या आत अहवालाला ‘छाप(धिस)’ असे सांगायचे; ‘धिस’ म्हणजे ज्याच्यावर मेथड कॉल केली ते ऑब्जेक्ट. ‘स्वीकार’ ओव्हरराइड झालेली असल्यामुळे योग्य क्लासची प्रत चालते, आणि त्या क्लासच्या आत ‘धिस’चा जाहीर प्रकार नेमका तोच क्लास असल्यामुळे कंपायलर योग्य ओव्हरलोड निवडतो. ‘मुदतठेव’मधील ‘स्वीकार’चा मजकूर ‘खाते’मधल्यासारखाच दिसतो आणि नवखा माणूस पुनरावृत्ती समजून तो पुसून टाकतो, तो पुसला की सगळे पुन्हा ‘खाते’च्या छापवर येते. सी-शार्पमध्ये २०१० च्या चौथ्या आवृत्तीपासून ‘डायनॅमिक’ हा प्रकार आहे. त्यात ओव्हरलोडची निवडच प्रोग्राम चालेपर्यंत पुढे ढकलली जाते. ग्रूव्ही ही भाषा तर जावाच्याच व्हर्च्युअल मशीनवर चालूनही सर्वसाधारणपणे पॅरामीटरचे खरे प्रकार पाहून मेथड निवडते, त्यामुळे वरच्याच तीन ओळी तिथे मुदत ठेवीचा अहवाल छापतात. कॉमन लिस्पची ऑब्जेक्ट प्रणाली आणि ज्युलिया या भाषा आणखी पुढे जातात. त्यांत मेथड कोणत्याही एका ऑब्जेक्टच्या मालकीची नसते आणि सर्व पॅरामीटरच्या खऱ्या प्रकारांवरून तिची निवड होते. तिथे ओव्हरलोडिंग आणि ओव्हरराइडिंग यांच्यात भेद करायला जागाच उरत नाही.

परीक्षेत किंवा मुलाखतीत हा प्रश्न आला, तर पुस्तकातील वाक्य नाकारण्याच्या भरीस पडू नये. ओव्हरलोडिंग हे ॲड हॉक पॉलिमॉर्फिझम आहे, त्याची निवड कंपायलर जाहीर प्रकारांवरून करतो, आणि सबटाइपवर आधारलेले पॉलिमॉर्फिझम ओव्हरराइडिंगमधून मिळते, असे सांगून वरच्या तीन ओळींचे उत्तर लिहून दाखवावे. समोरच्याला विषय कळत असेल, तर तो पुढचा प्रश्न त्यावरच विचारेल.

स्वतः एपीआय, म्हणजे इतरांच्या कोडने वापरायच्या मेथडी, लिहिताना मी एकच प्रश्न विचारतो: चुकीचे रूप निवडले गेले, तर परिणाम बदलेल का? स्ट्रिंगबिल्डरच्या ‘अपेंड’ला डझनभर रूपे आहेत, पण सगळ्यांचा अर्थ ‘याचे अक्षररूप शेवटी जोड’ एवढाच आहे. अशा ठिकाणी ओव्हरलोडिंग बिनधास्त वापरावे. रूपांचे अर्थ वेगळे असतील, तर नावेही वेगळी द्यावीत. बिगडेसिमल या अचूक दशांश संख्यांच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरला ०.१ ही संख्या स्ट्रिंग म्हणून दिली तर नेमके ०.१ मिळते, डबल म्हणून दिली तर ०.१००००००००००००००००५५५१११५१२३१२५७८२७०२११८१५८३४०४५४१०१५६२५ इतकी लांबलचक किंमत मिळते, कारण डबलमध्ये प्रत्यक्षात साठवलेली संख्या तीच असते. दोन्ही रूपे आपापल्या परीने अचूक आहेत, तरी व्याजाची आकारणी करणाऱ्या कोडमध्ये दुसरे रूप चालले तर हिशेब जुळत नाही. त्याच क्लासमध्ये ‘व्हॅल्यूऑफ’ ही स्टॅटिक मेथड आहे आणि ती डबल घेऊनही ०.१ देते, कारण ती आधी डबलचे छोटे दशांश अक्षररूप करून घेते. कन्स्ट्रक्टरला क्लासचेच नाव द्यावे लागते, स्टॅटिक मेथडला तसे बंधन नाही. म्हणून पैशांचे क्लास लिहिताना मी कन्स्ट्रक्टर खासगी ठेवतो आणि ‘रुपयांतून’, ‘पैशांतून’ अशा अर्थाच्या स्वतंत्र नावांच्या मेथडी देतो.